सासूबाईंची डिस्क चालेल का?

डोळे तपासायला बसलेल्या माणसाइतकं गरीब गिऱ्हाईक जगात दुसरं नसेल. हनुवटी यंत्राच्या पट्टीवर, कपाळ पुढे टेकलेलं, आणि "हे स्पष्ट" किंवा "ते स्पष्ट" यापलीकडे काही बोलायची सोय नाही. आमच्या चष्मेवाल्याने ही गोष्ट बरोबर हेरली होती. घरी त्याचं कुणी ऐकत नसे, मित्र फोन उचलत नसत, म्हणून गिऱ्हाईक एकदा पट्टीत अडकलं की तो येऊ घातलेल्या गेमिंग कन्सोलचा, म्हणजे टीव्हीला जोडायच्या खेळांच्या डब्यांचा, विषय काढायचा.

"दोन नवे येतायत. एक काळा डबा, एक पांढरा. पहिली काच बरी की दुसरी?"

"दुसरी."

"काळ्यात जुन्या सगळ्या डिस्क चालणार. पांढऱ्यात एकही नाही. आता खालची ओळ वाचा. मला सांगा, माणसाने इतकी वर्षं जमवलेल्या खेळांचं काय लोणचं घालायचं?"

गिऱ्हाईक बिचारं खालची ओळ वाचायचं आणि नंबर वाढला तरी तक्रार न करता निघून जायचं.

जुने खेळ नव्या कन्सोलवर चालण्याच्या सोयीला 'बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी' असं दातात अडकणारं नाव आहे. चष्मेवाला तिला 'मागील पानावरून पुढे चालू' म्हणायचा. हा त्याचा धर्मच होता म्हणा ना. इंटरनेटवर खेळणाऱ्यांचा एक कट्टा होता, तिथे तो 'चष्मिश' या नावाने लिहायचा आणि या एका विषयावर भल्याभल्यांना पाणी पाजायचा. "ज्या डब्याला स्वतःचा बाप ओळखता येत नाही, तो माझ्या घरात येणार नाही," हे त्याचं वाक्य तर कट्ट्यावरच्या लोकांनी आपापल्या नावाखाली लावून घेतलं होतं. बायकोला ही सगळी भाषणं तोंडपाठ होती. लग्नाआधी दोघं पहिल्यांदा भेटले तेव्हा तिच्यासमोरची कॉफी गार होईपर्यंत त्याने हेच सांगितलं होतं. तरीही तिने त्याच्याशी लग्न केलं, याला म्हणतात धाडस.

अशा माणसावर स्वतःचाच धर्म बुडवायची पाळी आली ती सासूबाईंमुळे.

सासूबाई म्हणजे मोठ्या इस्पितळातून निवृत्त झालेल्या हेड नर्स. गुडघा बदलून घेतला आणि चार दिवस लेकीकडे आराम करायला म्हणून आल्या. असले चार दिवस केवढे लांबतात ते सांगायला नको. त्यात त्या बसून बसून कंटाळल्या, आणि घरात कंटाळलेली हेड नर्स असणं म्हणजे काय, हे ज्याचं जळतं त्यालाच कळतं. त्यांनी जावयाचे मोजे जोड्या लावून, घड्या घालून रांगेत ठेवले. औषधांच्या डब्यातल्या मुदत संपलेल्या बाटल्या फेकून दिल्या. मग त्यांचं लक्ष खुद्द जावयाकडे वळलं. त्यांनी त्याची नाडी बघितली आणि "प्रकृती ठीक आहे, हालचाल कमी आहे" असं लेकीला कळवलं.

चष्मेवाला घाबरला. त्याने त्यांच्या हातात कंट्रोलर दिला आणि जुन्या कन्सोलवर शेतीच्या एका जुन्या खेळाची डिस्क लावून दिली. "बोटांना व्यायाम होईल, आई," असंही वर म्हणाला. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायला याला घराबाहेरसुद्धा जावं लागलं नाही.

खेळ अगदी साधा. एक ओसाड शेत मिळतं, तिथे पेरायचं, पाणी द्यायचं, जनावरं पाळायची. बघता बघता सासूबाईंनी त्या शेताचा वॉर्ड करून टाकला. रोज संध्याकाळी त्या सोफ्याच्या मधोमध बसत आणि राउंड घेत. "ही गाय दोन दिवस नीट खात नाहीये," "कोंबड्यांनो, आवाज कमी," असं चालायचं. घरात टीव्ही एकच. चष्मेवाला दुकान बंद करून घरी येई, ती त्याची खेळायची हक्काची वेळ. पण समोर टोमॅटोंना पाणी देणं चाललेलं असे. तो सोफ्याच्या कडेला बसून आपली पाळी यायची वाट बघायचा, आणि वाट बघता बघता त्याला डुलकी लागायची. जाग येई तोवर सासूबाईंचा गोठा झाडून झालेला असे आणि सगळ्यांची झोपायची वेळ झालेली असे. कितीतरी दिवसांत त्या बिचाऱ्याने एका राक्षसालाही मारलं नव्हतं.

तशात जुन्या कन्सोलने मान टाकायला सुरुवात केली. आतला पंखा घरघर करायचा, डबा तापायचा आणि मधेच बंद पडायचा. नवा घेणं आता भागच होतं. आणि इथे चष्मेवाल्याच्या मनात पाप आलं. काळा डबा घेतला तर सासूबाईंचं शेत मागील पानावरून पुढे चालू. पांढरा घेतला तर शेत बंद आणि संध्याकाळ मोकळी.

त्याने आधी कट्ट्यावर अंदाज घेतला. "मित्रांनो, जुनं किती दिवस उराशी धरून बसायचं? पांढऱ्याचाही विचार व्हायला हवा," असं भीत भीत लिहिलं. कट्ट्यावर एकच हलकल्लोळ उडाला. "चष्मिशचं खातं कुणीतरी चोरलंय," एकाने लिहिलं. दुसऱ्याने पांढऱ्या कंपनीने त्याला किती डबे फुकट पाठवले ते विचारलं. तिसरा नुसता रडका चेहरा टाकून कट्टा सोडून गेला. चष्मेवाल्याला लाज वाटली, अगदी मनापासून वाटली. पण लाजेपेक्षा संध्याकाळ मोठी होती.

जेवताना त्याने विषय काढला. "आई, हा कन्सोल काही आता टिकत नाही. नवा घ्यायचाय. पण एक आहे, तुमची डिस्क नव्यात चालणार नाही. हल्ली जुनी डिस्क कुठल्यातच चालत नाही."

बायकोचा घास हातात राहिला. "कुठल्यातच?"

"कुठल्यातच," चष्मेवाला ताटाकडे बघत म्हणाला.

बायकोने त्याच्याकडे नीट बघून घेतलं आणि पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. नवऱ्याची ही कोलांटउडी कुठपर्यंत जाते ते तिला बघायचं होतं.

सासूबाईंनी मात्र जेवण थांबवलं. "जावईबापू, माझा गुडघा नवा आहे ना?"

"हो."

"आणि पाय?"

"पाय… पहिल्यापासूनचा."

"मग त्या गुडघ्याने डॉक्टरांना विचारलं का, हा पाय कुठल्या सालातला, मी याच्यात बसणार नाही म्हणून? बसला गुपचूप. चालतोय की नाही?"

"चालतोय."

"आणि एवढ्या शिकल्यासवरलेल्या लोकांना एक डिस्क चालवता येत नाही?"

जन्मभर या विषयावर बोलूनही चष्मेवाल्याला इतका सरळ मुद्दा कधी सुचला नव्हता. एरवी त्याने हात धुवायच्या आधी तो कट्ट्यावर टाकला असता. आज तो घासाबरोबर गिळावा लागला. "त्यांचाही नाइलाज असतो, आई," तो म्हणाला. कुठल्याही कंपनीची बाजू घ्यायची त्याची ही पहिलीच वेळ होती.

"बरं," सासूबाई म्हणाल्या आणि पुन्हा जेवू लागल्या.

भांडण होईल म्हणून त्याने केवढी तयारी केली होती! नुसत्या 'बरं'चं काय करायचं ते त्याला कळेना.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो घरी आला तेव्हा सासूबाई कंट्रोलर मांडीवर ठेवून त्याचीच वाट बघत होत्या. टीव्हीवर शेताच्या फाटकाशी व्यापाऱ्याची गाडी उभी होती. या खेळात तो जनावरं विकत घेऊन दुसऱ्या शेतांवर पोहोचवतो.

"बसा इथे," त्या म्हणाल्या. "वॉर्ड बंद करायचा झाला तरी पेशंटना वाऱ्यावर सोडायचं नसतं. हे मशीन कधी डोळे मिटेल नेम नाही. त्याआधी सगळ्यांची चांगल्या घरी सोय लावू. विकताना जनावराच्या नावाची पाटी येते, तिच्यावरची अक्षरं बारीक आहेत, तेवढी तुम्ही वाचा. बटणंही तुम्हीच दाबा."

सासूबाईंना माणसांना नावं ठेवायची सवय होतीच, इथे त्यांनी जनावरांनाही दिली होती. पहिला आला कोंबडा. पाटीवर लिहिलं होतं, 'मोठे डॉक्टर'.

"पहाटे येऊन ओरडतात, मग दिवसभर दिसत नाहीत," सासूबाईंनी खुलासा केला. "जा हो डॉक्टर. तब्येतीला जपा."

कोंबडा गाडीत चढला. मागून शेळी आली. चष्मेवाल्याने पाटी वाचली, पुन्हा वाचली, चष्मा सारखा करून तिसऱ्यांदा वाचली. "विहीणबाई? आई, ही… माझी आई?"

"गुणी आहे हो. दिसेल ते तोंडात टाकते, पण दूध द्यायला मागेपुढे बघत नाही."

आपल्या आईच्या वतीने यावर रागवावं की आभार मानावेत हे न कळून त्याने बटण दाबलं. विहीणबाई गेल्या. मग गायी गेल्या, बदकं गेली. प्रत्येकाला सासूबाईंनी "वेळेवर खात जा" असं बजावून निरोप दिला. आवाज तसा खणखणीत होता. पण मधे मधे त्या चष्मा काढून पुसत होत्या, आणि काच स्वच्छ होती. ती काच चष्मेवाल्याने स्वतः बसवली होती, त्याला ते दिसल्याशिवाय कसं राहील?

शेवटी गोठ्याच्या दारातून एक तांबडा, ढब्बू बैल सावकाश चालत आला. पाटी उघडली. 'जावईबापू विकायचा? हो. नाही.'

"हा…" चष्मेवाल्याने बैलाकडे बोट केलं. "हा मी?"

"मग? दुसरा जावई कुठे आहे मला?" सासूबाई जराही न लाजता म्हणाल्या.

या खेळात जनावराच्या नावापुढे बदामाची चित्रं असतात. जितकी माया लावाल तितके बदाम भरतात. डॉक्टरांचा एक भरला होता, विहीणबाईंचे दोन. बैलापुढची अख्खी रांग लालभडक होती. रोज न चुकता हाताने चारा घातल्याशिवाय तसं होत नाही, हे चष्मेवाल्याइतकं कुणाला ठाऊक असणार!

"हा काम काय करतो?" त्याने विचारलं.

"काही नाही. नांगराला जुंपला की खाली बसतो. संध्याकाळ झाली की उभ्या उभ्या पेंगतो."

"मग आई, एवढा चारा घालून ठेवलात कशाला याला?"

"आपलं कुणीतरी शेजारी पेंगत असलं ना, की घर भरल्यासारखं वाटतं," त्या म्हणाल्या. "माझ्या घरी संध्याकाळी पेंगायलासुद्धा कुणी नसतं हो. असो. दाबा तुम्ही 'हो'. चांगल्या घरी जाईल तो."

चष्मेवाल्याचा अंगठा बटणावर होता. मोठमोठे राक्षस ज्याने डोळ्याची पापणी न लवता लोळवले तो अंगठा आता हलेना. सोफ्याच्या कडेला काढलेल्या सगळ्या डुलक्या त्याला आठवल्या आणि भडभडून आलं. त्याने 'नाही' दाबलं.

"आई, आपण काळा डबा घेऊ," तो एका दमात म्हणाला. "काळ्यात तुमची डिस्क चालते."

"चालते? मग काल कुठल्यातच चालत नाही म्हणालात ते?"

कट्ट्यावर हजार लोकांना तोंड देणारा चष्मेवाला कंट्रोलरची बटणं निरखू लागला. शेवटी तो म्हणाला, "जाहिरातीत… अक्षरं फार बारीक होती."

"अहो, तुम्ही धंदा कसला करता?"

दारात उभ्या असलेल्या बायकोला हसू आवरेना. ती तिथेच भिंतीला टेकून खाली बसली.

"पण बाकीचे गेले की सगळे," सासूबाई एकदम हळहळल्या. "विहीणबाईसुद्धा गेल्या!"

"कुठे जातायत!" आता चष्मेवाल्याला कंठ फुटला, कारण हा प्रांत त्याचा होता. "खेळातला शेतकरी घरात जाऊन झोपल्याशिवाय हा खेळ झालेलं काही लक्षात ठेवत नाही. आत्ता असाच बंद केला तर आजचा दिवस उगवलाच नाही असं समजा." त्याने सरळ कन्सोल बंद केला आणि थोड्या वेळाने पुन्हा लावला. पंखा घरघरला, डबा कण्हला, टीव्ही बराच वेळ काळा राहिला. तिघांनीही श्वास रोखून धरला. मग शेत आलं. डॉक्टर आरवले, विहीणबाई कुंपण खात होत्या आणि दारात बैल उभा होता.

सासूबाईंनी कंट्रोलर जावयाच्या हातातच राहू दिला. "तुम्हीच चारा घाला आज त्याला. खोळंबलाय केव्हाचा."

चष्मेवाल्याने पेंढी उचलली आणि स्वतःच्या नावाच्या बैलापुढे धरली. बैलाने ती शेवटच्या काडीपर्यंत खाल्ली, नांगराकडे एकदा बघितलं आणि खाली बसला.

"अगदी तुझ्यावर गेलाय," बायको म्हणाली.

"छे गं," सासूबाई म्हणाल्या, "हा खोटं बोलत नाही."