काचेवरचा माऊस

रामहरी तात्या हल्ली चहा अर्धाच कप मागत. भरलेला कप हिंदकळला आणि घरच्यांनी पाहिलं तर, ही धास्ती. थोरल्या भावाचा, संभाजीदादांचा, हात याच वयात थरथरायला लागला होता आणि शेवटी त्यांना घासही दुसऱ्यानं भरवावा लागला.

तात्यांना स्वतःच्या हाताची शंका आली ती नातीच्या कॉम्प्युटरवर. पाचवीतल्या राजनंदिनीसाठी बारामतीहून जुना कॉम्प्युटर आणला होता आणि सोबत स्वस्तातला बिनवायरीचा माऊस. ती म्हणाली, "तात्या, आंब्याचं पान काढा की." तात्यांनी काढलं, तर पानाची कड अळीनं कुरतडल्यासारखी. पुन्हा काढलं, पुन्हा तसंच. नात हसली. तात्या उठून अंगणात गेले.

त्यांच्या सांगवी गावातल्या कितीतरी बांधांवरचे आंबे तात्यांच्या हातच्या कलमांचे. पण त्या दिवसापासून त्यांचा चाकू फडक्यात गुंडाळून फळीवर पडला होता. आणि नेमक्या याच वेळी लासुर्ण्याच्या बहिणीचा, बनाबाईंचा, फोनवर फोन. वडिलांनी तिच्या लग्नात दिलेलं शेपू आंब्याचं, शेपूसारख्या वासाच्या फळांचं, झाड नव्या घराच्या पायाच्या जागेत येत होतं. ते तोडायच्या आत त्याचं कलम व्हायला हवं होतं.

"काड्या धाडल्यात सकाळीच," आजच्या फोनवर बनाबाई म्हणाल्या. "झाड आता आडवं झालं, दुसऱ्या काड्या मिळायच्या न्हाईत. आज बांध, न्हायतर वाळतील."

"बघतो, अक्का."

"बघतो काय? हात भाड्यानं दिलाय का कुणाला?"

तात्यांनी फोन ठेवला. ओल्या गोणपाटात काड्या सावलीला होत्या. इंदापुरातून कुणी कलम बांधणारा येतो का बघावं, असं मनात घोळवत ते खोलीत आले. नेहमीसारखा काचेच्या टीपॉयवर माऊस ठेवून राजनंदिनी चित्र रंगवत होती. तात्या टेकले, तशी ती पाणी प्यायला उठली.

तात्या पडद्याकडे बघत बसले. माऊसचा बाण थरथरत होता. त्यांनी माऊसकडे पाहिलं. तो काचेवर एकटाच पडलेला. त्यांनी आपल्या हाताकडे पाहिलं. तो मांडीवर, गप्प. बाण थरथरतच होता.

"नंदे, हितं ये. ह्या बाणाला कोण हलवतंय?"

"कुणी न्हाय. त्यो काचेवर असाच वागतो. खालून दिवा लावून, खालचं खरबरीत बघून त्याला कळतं आपण किती सरकलो ते. काचेवर त्याला काय दिसतच न्हाय."

"मग मला का न्हाय सांगितलं?"

"तुमी इचारलं कुठं? रुसून बाहेर गेलता की."

तात्यांनी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं अंथरलं आणि त्यावर माऊस फिरवला. पानाची कड देठापासून टोकापर्यंत सरळ गेली. त्यांनी डोळे मिटून घेतले. छातीवरचं ओझं कुणीतरी उचलून दाराबाहेर ठेवल्यासारखं झालं.

मग त्यांनी माऊस उलटापालटा करून पाहिला. झाकण बोट लागताच निघालं. बंद करायचं बटणच नव्हतं, त्यामुळे सेल रात्रंदिवस खर्ची पडत होता. माऊसचा कॉम्प्युटरला लावायचा चिमुकला तुकडा ठेवायला आत जागा नव्हती, म्हणून नंदीनं तो काडेपेटीत जपला होता. एकदा दाबलं तरी दोनदा दाबल्यासारखं होई.

"ज्यानं बनवला त्यानं ह्यो कधी हातात धरलेला दिसत न्हाय," तात्या म्हणाले आणि बऱ्याच दिवसांनी पोटातून हसले. स्वयंपाकघराकडे वळून त्यांनी सुनेला आवाज दिला, "सरू, चहा टाक. काठोकाठ भर."

भरलेला कप त्यांनी तोंडाशी नेला. थेंबही सांडला नाही.

फळीवरचा चाकू काढून, अंगणात बसून त्यांनी आंब्याच्या रोपाचा शेंडा छाटला, खोड मधोमध चिरलं, काडीला दोन्ही बाजूंनी तिरका काप देऊन तिची पाचर केली. पाचर चिरेत चपखल बसली. नंदीनं बांधायची पट्टी धरली आणि तात्यांनी वेढे दिले. एवढ्यात फोन वाजला, तो नंदीनं घेतला.

"तात्या, अक्काआजी इचारतीय, हात कुठं हाय?"

"सांग तिला, कामात हाय," तात्या म्हणाले आणि पुढची काडी उचलली.