दोन बोटं खाली

सकाळी सव्वाआठला मास्टरांच्या बायकोला ऑपरेशन थिएटरमध्ये नेलं. जखमांनी भरलेलं मोठं आतडं दुर्बिणीतून काढायचं आणि लहान आतड्याचं तोंड पोटावर आणून तिथे शौचाची पिशवी लावायची, असं ठरलं होतं. सात वर्षं औषधं घेऊन झाली होती.

अकरा वाजून वीस मिनिटांनी पिशवीवाल्या सिस्टर मास्टरांशेजारी बाकावर टेकल्या.

"आतून फोन आला होता. आतडं सुटं झालंय. आता मी काल पोटावर केलेल्या खुणेवर चीर देतील, तिथूनच ते बाहेर घेतील आणि तिथेच पिशवी."

"ती खूण इतकी वर का केली होती?" मास्टरांनी विचारलं.

"ताई दिवसभर मशीनवर वाकून बसतात ना? बसवून, वाकवून पाहिलं मी. जरा खाली घेतली की पोटाच्या घडीत जाते. मग पिशवी चिकटत नाही, गळते, कातडी सोलवटते."

नवराबायको दोघंही शिंपी. काल सिस्टरांची पाठ वळताच बायको म्हणाली होती, "अहो, ही तर परकराच्या पट्ट्याच्या वर येतेय. सगळ्या जगाला दिसेल. दोन बोटं खाली घ्या की."

"डॉक्टर ओरडतील."

"तीस वर्षं लोकांचे खिसे सरकवताय. बायकोचा एक ठिपका सरकवायला हात थरथरतो होय?"

त्यांनी स्पिरिटने ठिपका पुसला, तिला उभं केलं आणि नवा दिला. माप उभ्यानेच घ्यायचं, हे इतकं अंगवळणी पडलेलं की तिला बसवून पाहावं हे डोक्यातही आलं नाही.

"सिस्टर, ती खूण तुमची नाही. मी सरकवली."

सिस्टर ताडकन उठल्या. "किती?"

"दोन बोटं खाली."

"कुणाची बोटं?"

मास्टरांनी हात पुढे केला. जाडजूड बोटं, टोकांना सुईने पडलेले घट्टे.

"अहो, हे उसवायचं तर परत पोटात शिरावं लागतं!" म्हणत त्या आत धावल्या.

अकरा सदतीसला दाराशेजारचा फोन वाजला. काउंटरवरच्या बाईंनी उचलला, रिसीव्हरवर हात ठेवला. "डॉक्टर विचारतायत, पोटाला लावलेल्या औषधाखाली काही दिसत नाही, जुन्या ठिपक्याचा डाग राहिलाय का कुठे?"

"नाही. साफ पुसला."

बाईंनी तेच आत सांगितलं. पलीकडून फोन ठेवला गेला.

"चीर दिली का हो?"

"ते नाही बोलले."

बारा वाजून पाच मिनिटांपर्यंत दार उघडलं नव्हतं.