बाराची फुलं

असे पुढं सरका, सतरंजीवर जागा आहे. सायखेड्याच्या लंकाबाईची गोष्ट सांगतो. ऐकल्याशिवाय उठायचं नाही.

तिचे मालक सावळीराम जाऊन वर्ष झालं होतं. दारात मांडव, गादीवर त्यांचा फोटो, दहा ते बारा कीर्तन. बाराला सगळ्यांनी फोटोवर फुलं टाकायची, मग पंगत. आपल्याकडची रीतच ती. गेल्या वर्षी अग्नी पुतण्या किशोरनं दिला होता, कारण मुलगा दीपक न्यूझीलंडहून वेळेत पोचलाच नाही. यंदा बाराची फुलं तरी पोराच्या हातची पडावीत, एवढंच लंकाबाईचं मागणं.

आदल्या दुपारी दीपकचा फोन आला. "आई, ऐन वेळी तिकीट मिळालं. निघालो." आणि फोन बंद.

किशोरनं लगेच मोबाइल काढला. "ऑकलंड ते मुंबई बारा हजार तीनशे किलोमीटर, काकू. पंधरा तास. पहाटे मुंबईत, नऊला आपल्या दारात."

नऊला दारात मांडववाला आला. दीपकचा आला तो फोन. "आई, सिंगापूरला विमान बदलायचं होतं, रात्र तिथंच गेली. आत्ता मुंबईत उतरलो."

लंकाबाई किशोरकडं वळली. "तू तर पंधरा तास म्हणला."

"ते सरळ रेषेतलं दाखवतंय, काकू."

"मग विमान काय बांधाबांधानं येतं?"

"मधी उतरावं लागतं. तिथला मुक्काम त्यात धरत नाय."

"आमच्या येष्टीलासुदीक सिन्नरचा थांबा धरतात रे."

जो येई तो हिशेब सांगे. कुणी कसारा घाट मोजला, कुणी टोलनाका. शेजारची सावित्रीबाई म्हणाली, "विमान वारं पाठीशी असलं का लवकर येतं." किशोरनं पुन्हा मोबाइल काढला, तशी लंकाबाई कावली. "ठेव ते. तू सांगितलं का पोरगं अजून लांब जातं."

कीर्तन रंगलं. बारा वाजायला आले तशी ती महाराजांजवळ गेली. "महाराज, थोडं लांबवा ना."

महाराज मायाळू. त्यांनी आणखी एक दृष्टांत घेतला, त्याच्या पोटात दुसरा. टाळकऱ्यांचे हात भरून आले. म्हाताऱ्यांच्या गोळ्यांच्या वेळा टळल्या. ओंजळीतला झेंडू घामानं ओला झाला, आचारी दोनदा डोकावून गेला. सगळे लंकाबाईकडं बघत आणि नजर वळवत.

शेवटी तीच उठली. "टाका फुलं. माणसं उपाशी बसलेली त्यांना कधी बघवली नाय."

फुलं पडली. सगळ्यांची पडली. तिची मूठ तेवढी मिटलेलीच राहिली. त्याच मुठीनिशी तिनं पंगतीत आग्रह केला, डाव्या हातानं पाहुण्यांना निरोप दिला.

खुर्च्या टेम्पोत चढत होत्या तेव्हा गाडी आली. दीपक उतरला, आईच्या पायाशी वाकला. "आई, मधी सिंगापूरला..."

"हिशेब नको. सकाळपासून तेच ऐकतेय."

"काकू, तरी लवकरच..." किशोर म्हणाला.

"तू गप."

तिनं मूठ उघडली. पाकळ्यांचा लगदा झाला होता. अर्धा तिनं दीपकच्या हातावर ठेवला आणि मनगट धरून त्याला फोटोपाशी नेलं.

"टाक. आता वाजले बारा."

सावळीराम कीर्तनात नेहमी पुढं बसायचे आणि शेजारी सतरंजीची कड मोकळी ठेवायचे, उशिरा येणाऱ्यासाठी. तुमच्या हातात कधी बाराची फुलं आली, तर मूठ उघडताना त्यांची आठवण काढा.