लाल नाकाची तोबा

शाद्ली कम्मूनने आयुष्यात दारूचा थेंब तोंडात घेतला नव्हता, पण त्याचं नाक मात्र रोज दोन बाटल्या रिचवल्यासारखं दिसायचं. स्फाक्स शहराच्या दक्षिणेला समुद्रकाठी मिठागरं आहेत, तिथे तो एकतीस वर्षं मुकादम होता. वरून ऊन, खालून मिठाची चकाकी. भाकरी दोन्ही बाजूंनी भाजावी तसा त्याचा चेहरा भाजून निघाला होता. कपाळावर तपकिरी डाग, गालांवर बारीक लाल शिरांचं जाळं आणि मधोमध ते नाक, उललेल्या डाळिंबासारखं. त्याला स्वतःला त्याचं काही नव्हतं. मिठागरावर आरसा नसतो.

पण ऑक्टोबरात मुलीला, रबाबला, स्थळ आलं. मुलगा औषधांच्या दुकानात होता, नाव वासिम, रबाबला तो आधीपासून आवडायचा. त्याचे वडील हाज तैय्यब म्हणजे वस्तीत शब्दाला वजन असलेला माणूस. बघायला येताना ते आपल्या थोरल्या बहिणीला, लल्ला झकियाला, घेऊन आले. बाईंनी बदामाची वडी उचलली, शाद्लीच्या नाकाकडे पाहिलं आणि वडी परत ताटात ठेवली.

"सी शाद्ली," त्यांनी अदबीचं 'सी' लावून विचारलं, "तब्येत बरी असते ना? जागरणं वगैरे?"

"छे हो, मी तर नऊला झोपतो."

"हो का," बाई म्हणाल्या. "झोप चांगली लागत असेल."

दोन दिवसांनी शेजारणीकडून निरोप आला. मुलगी लाखात एक, घर चांगलं, पण वडिलांविषयी जरा चौकशी करायची आहे.

कमरने, म्हणजे शाद्लीच्या बायकोने, हातातली परात ओट्यावर आदळली. "तुझ्याशी एकतीस वर्षं संसार केला, साधा सिरकासुद्धा नाक दाबून खातोस तू! आणि मी बेवड्याची बायको? हमामात न्हायला गेले की बायका मला जागा करून देतात, ती का देतात ते आज कळलं मला. कीव करतात मेल्या!"

"मग मी काय करू? नाक घरी ठेवून हिंडू?"

रबाब शाळेत शिकवायची, तिला माहिती काढायची सवय होती. "बाबा, हा त्वचेचा आजार आहे. प्रकाशाचे झोत मारून बरा करतात."

"अगं, प्रकाशानंच तर झालाय!"

"तो सूर्याचा. हा डॉक्टरांचा."

अशा रीतीने शाद्ली दवाखान्यात पोचला. एका जुन्या इमारतीचा तिसरा मजला. बाहेरच्या खोलीत अकरा बायका बसल्या होत्या, त्यांतल्या निम्म्या लिबियाहून खास आलेल्या, आणि त्यांच्यामध्ये हा एकटा पुरुष, गुडघ्यांवर टोपी ठेवून. नर्सने विचारलं, "कुणाला घेऊन आलात?"

"नाकाला," शाद्ली म्हणाला.

डॉक्टर हाजेर रबाबहून चारेक वर्षांनी मोठी असेल. तिने भिंगातून त्याचा चेहरा पाहिला आणि मान हलवली. "आत्ता काही करणार नाही मी. कातडी रापलेली आहे. रापलेल्या कातडीवर झोत मारला तर भाजेल, कायमचे चट्टे राहतील. सहा आठवडे सावलीत राहा, मग या. टोपी, छत्री, हे मलम दिवसातून तीनदा. आणि हरिसा बंद."

शाद्लीला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. लाल मिरचीच्या त्या चटणीशिवाय त्याने जन्मात नाश्ता केला नव्हता. "हरिसा बंद?"

"तिखटानं चेहरा पेटतो तुमचा. बंद."

"डॉक्टरीणबाई, नाकच काढून टाकता येणार नाही का? ते सोपं जाईल मला."

मीठ तोलून झालं होतं, हंगाम संपला होता, तरी मिठागरावर फेरी मारावीच लागे. शाद्ली कमरची छत्री घेऊन जाऊ लागला. छत्री जांभळी होती आणि तिला झालर होती. गडी मिठाच्या राशीआडून ओरडत, "मुकादम, इकडे पण पडतोय हो पाऊस!" शाद्ली दात चावून पुढे जाई. लेकीसाठी माणूस काय काय उघडतो. त्याने छत्री उघडली.

जानेवारीत झोतांची पहिली खेप झाली. त्याला आडवं निजवलं, चेहऱ्यावर थंडगार चिकट लेप थापला, डोळ्यांवर काळा चष्मा चढवला. डॉक्टर म्हणाली, "रबर ताणून सोडल्यासारखं वाटेल." आणि मिटल्या डोळ्यांच्या आत वीज कडाडली.

"या रब्बी!"

"लागलं?"

"नाही, अल्लाची आठवण काढली. किती झाले?"

"एक."

"आणि एकूण किती?"

"तुम्ही मोजू नका, सी शाद्ली."

नाकावर यंत्र आलं तेव्हा त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहिलं, आणि नर्सने आईच्या मायेने त्याच्या कानाशी रुमाल लावला. घरी आला तेव्हा तोंड टमाट्यासारखं सुजलं होतं. दोन दिवसांत सूज गेली, पण डाग उजळायच्या ऐवजी काळेकुट्ट झाले. सगळ्या कपाळावर कॉफीचा चोथा फासल्यासारखं.

"हे काय करून आलास?" कमर किंचाळली. "होतं ते बरं होतं!"

पण डॉक्टरने आधीच सांगितलं होतं आणि तसंच झालं. आठ-दहा दिवसांत ते काळे कण आपोआप गळून पडले, खाली कोवळी, स्वच्छ कातडी निघाली. तेवढे दिवस शाद्ली सर्दीचं निमित्त करून घरात दडून राहिला. मिठागरावरच्या चाळीस गड्यांना कळलं असतं की मुकादम बायकांच्या रांगेत बसून तोंड उजळून घेतो, तर त्याला समुद्रात उडी मारूनच राजीनामा द्यावा लागला असता.

फेब्रुवारीतल्या दुसऱ्या खेपेनंतर घात झाला. गळपट्टा नाकापर्यंत गुंडाळून तो जिना उतरत होता, तर खालून गालाला हात लावून बूबकर न्हावी वर येत होता. त्याच इमारतीत त्याचा दातांचा डॉक्टर होता. नेमके दोघे दुसऱ्या मजल्यावर समोरासमोर आले.

"सी शाद्ली! तुम्ही इथे?"

शाद्लीने गळपट्टा आणखी वर ओढला. बूबकरने त्याच्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं, मग शेजारच्या दाराकडे पाहिलं. दारावर पाटी होती, दारूचं व्यसन सोडवणाऱ्या डॉक्टरची. पाटी शाद्लीच्या पाठीमागे होती.

बूबकरने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "लाजायचं काय त्यात? हिंमत लागते."

शाद्लीला वाटलं, ह्याला तोंडाचं कळलं. त्याने आवाज खाली आणला. "लेकीसाठी करतोय रे. सोपं नाही. फार जळतं. पण आता मन घट्ट केलंय. तू कुणाला बोलू नकोस."

"माझ्या आईची शपथ," बूबकर म्हणाला. दातदुखी विसरून तो तसाच खाली उतरला आणि थेट दुकान उघडायला गेला.

मार्चमध्ये तिसरी खेप झाली. नाक पार पांढरं झालं नव्हतं, आणि डॉक्टरने बजावलं होतंच की हा आजार मुळासकट जात नाही, सांभाळून राहावं लागेल. पण डाळिंबाचं आता पिकलेलं जर्दाळू झालं होतं, आणि ते जर्दाळू सगळ्या वस्तीला दिसलं. मासळीवाल्याने दोन बांगडे वर टाकले आणि पैसे घेतले नाहीत. शुक्रवारी नमाजानंतर इमामसाहेबांनी त्याचे दोन्ही हात हातात घेऊन डोळे पुसले. शाद्लीला वाटलं, बहुतेक आपण मरायला टेकलोय आणि आपल्यालाच कुणी सांगितलेलं नाही.

शेवटी पाववाल्याने कोडं उलगडलं. "किती दिवस झाले सोडून?"

"काय सोडून?"

"वाहवा!" पाववाला गिऱ्हाइकांकडे वळला. "बघा, ह्याला म्हणतात सोडणं! नावसुद्धा आठवत नाही!"

शाद्ली तणतणत घरी आला. "मी आत्ता चौकात जाऊन सांगतो, मी कधी घेतलीच नव्हती!"

"सांग की," कमर म्हणाली. "मग विचारतील, त्या इमारतीत काय करत होतास. ते पण सांग. सुजल्यावर कसा दिसायचास तेही सांग."

शाद्ली खाली बसला. संध्याकाळी त्याला उठावंच लागलं, कारण दारात मिठाईचं ताट घेऊन हाज तैय्यब उभे होते, मागे लल्ला झकिया. हाजसाहेबांनी त्याला छातीशी कवटाळलं. "भाऊ, मी तुमच्याविषयी वाईट मनात आणलं, मला माफ करा. जो कधी पडलाच नाही त्याचं काय कौतुक? पडून उठतो तो खरा मर्द. असा व्याही मिळाला, हे माझं नशीब."

शाद्लीने तोंड उघडलं. समोर रबाब ओठ आवळून उभी होती. त्याने तोंड मिटलं. लल्ला झकियाने त्या दिवशी तीन वड्या खाल्ल्या आणि साखरपुडा एप्रिलचा ठरला.

इथेच सगळं थांबतं तर बरं झालं असतं. पण हाज तैय्यब ज्या मंडळाचे अध्यक्ष होते ते मंडळ दारू सोडू पाहणाऱ्यांच्या बैठका घेई, आणि व्याही हाताशी असताना पाहुणा बाहेरून कशाला आणायचा? "पाच मिनिटं बोला," ते म्हणाले. "तुमच्या शब्दानं एखादं घर वाचेल."

कमरने भाषण पाठ करून घेतलं. 'अल्लाची कृपा, घरच्यांची साथ, मनाचा निश्चय.' तीन वाक्यं, बोलायचं आणि बसायचं.

मंडळाच्या खोलीत बारा-तेरा माणसं खुर्च्यांवर बसली होती. शाद्लीने तिन्ही वाक्यं म्हटली, टाळ्या पडल्या, तो बसणार इतक्यात मागच्या रांगेतून एकजण उठला. लुत्फी नावाचा बसचालक. नोकरी गेली होती, दाढी वाढली होती, हात खिशात कोंबले होते.

"सी शाद्ली, कृपा आणि निश्चय मला कळतं. पण पहिले तीन दिवस कसे काढलेत ते सांगा. हात कापतात तेव्हा काय करायचं? मी चारदा सोडली. चारही वेळा तिसऱ्या दिवशी हरलो. तुम्ही तिसऱ्या दिवशी काय केलंत?"

सगळ्यांनी शाद्लीकडे पाहिलं. त्याला तिसरा दिवस आठवत होता. हरिसा सोडल्याच्या तिसऱ्या दिवशी त्याने तोंडाला मलम लावून काकडीची कोशिंबीर खाल्ली होती.

हाज तैय्यब कौतुकाने मान डोलावत होते. पण लुत्फीने आता हात खिशातून बाहेर काढले होते आणि ते खरंच कापत होते. एकतीस वर्षं गड्यांचं मीठ मापताना शाद्लीने कधी काटा मारला नव्हता. ह्या माणसाला खोटं माप द्यायला त्याची जीभ वळेना.

"लुत्फी, बाबा, मला माफ कर," तो म्हणाला. "तिसऱ्या दिवसाचं मला काही ठाऊक नाही. मी कधी प्यालोच नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे माझं नाक उन्हानं लाल झालं होतं. मी दुसऱ्या मजल्यावर गेलो नव्हतो, तिसऱ्या मजल्यावर गेलो होतो. तिथे दिव्याचे झोत मारून तोंड साफ करतात. बायकांच्या रांगेत बसायचो. तीनदा. छत्री पण वापरली. जांभळी."

मग लुत्फीच्या घशातून एक आवाज आला. आधी खोकल्यासारखा, मग तो हसू लागला, पोट धरून, खुर्चीचा आधार घेऊन. "झालरवाली?" त्याने विचारलं.

"झालरवाली," शाद्लीने कबूल केलं. मग सगळी खोलीच हसली. एक हाज तैय्यब सोडून. ते उठले आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ते बहिणीला घेऊन आले, ताट नव्हतं. "तुम्ही मला तोंडघशी पाडलंत. माझा व्याही तोबा केलेला माणूस, असं मी चार मशिदींत सांगितलं! आता काय सांगू? तोंड उजळायला गेला होता म्हणून?"

"मग मी दारुडा होतो हे बरं होतं?" शाद्लीने विचारलं.

"सांगायला तरी बरं होतं!"

दाराशी उभी असलेली रबाब पुढे झाली. "काका, माझे बाबा एकतर दारुडे आहेत नाहीतर देखणे आहेत. दोन्हींतलं काय हवं ते घ्या, पण एकदाच ठरवा. वासिमला दोन्ही चालतं, मी विचारलंय त्याला."

हाज तैय्यब जायला दाराकडे वळले. लल्ला झकिया मात्र उठल्या, शाद्लीची हनुवटी धरून त्याचं तोंड खिडकीकडे वळवलं आणि भाजी निवडावी तसं निरखून पाहिलं. "तैय्यब, बस खाली," त्या म्हणाल्या. "ज्याला बारा माणसांत स्वतःची अशी फजिती सांगता येते, तो देण्याघेण्यात आणि नात्यात फसवणार नाही. कमर, चहा टाक."

साखरपुडा ठरल्या दिवशी झाला. हाजसाहेब जेवण होईपर्यंत फुगून होते. गोड वाढलं तेव्हा बोलू लागले.

त्याच्या दुसऱ्या सोमवारी सकाळी शाद्लीच्या दारात लुत्फी उभा होता, दाढी केलेला. "तो दुसरा मजला," तो म्हणाला, "एकट्यानं चढवत नाही हो. दोनदा जिन्यापासून परतलो. तुम्हाला ती इमारत ओळखीची आहे."

शाद्लीने टोपी घातली. दोघे बसने गेले, जिना चढले. शाद्ली बाकावर बसून राहिला. तासाभराने लुत्फी बाहेर आला, हातात औषधांची चिठ्ठी, चेहरा पांढराफटक.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, एकदम स्वतःच्या मनानं सोडायची नाही, औषधानं सोडायची. चारदा हरलो ते म्हणूनच. दर सोमवारी यायचंय. तुम्ही..."

"येईन," शाद्ली म्हणाला. "मला सोमवारी काम नसतं. भूक लागलीय का?"

लागली होती. कोपऱ्यावर तेलात फुगणाऱ्या गरम पुऱ्या मिळत. शाद्लीने दोन घेतल्या, लुत्फीचा हात कापत होता म्हणून त्याची पुरी कागदात नीट गुंडाळून दिली, आणि दोघे भिंतीच्या सावलीला उभे राहून खाऊ लागले.