बारा नंबरचा दगड

"खोटं बोलून राह्यलं बे तुझं मीटर!"

उत्तमराव मोटरसायकलवरून उतरण्याआधीच ओरडले, आणि मेहकरच्या बसस्टँडसमोर चहा पिणाऱ्यांनी माना वळवल्या.

कचरू पंक्चरची ट्यूब पाण्यात दाबून बुडबुडे शोधत होता. चारच दिवसांपूर्वी त्याने उत्तमरावांच्या या लहानशा, बिनमीटरच्या गाडीवर मुंबईहून मागवलेला मीटरचा संच बसवला होता: वेगाचा काटा, किलोमीटर मोजणारे आकडे आणि अंधारात ते उजळणारा चिमुकला दिवा. हँडलवर बसेल अशी पत्र्याची पट्टी त्याने स्वतः कापली होती, पुढच्या चाकापासून केबल वर आणली होती, दिव्याची तार जोडली होती. उत्तमराव रस्त्यांचे ठेकेदार. पंचायत समितीत त्यांच्या शब्दाला वजन होते. समितीच्या तीन मोटरसायकली वर्षभर कोणी सांभाळायच्या, हे सोमवारी ठरणार होते, आणि ते काम कचरूला हवे होते.

"झालं काय, साहेब?"

"अकराव्या दगडापासून निघालो. बाराव्यावर किलोमीटर पुरा भरत नाही, मीटर मागंच राह्यते. अन् तेराव्यावर पाहा तं बरोबर दोन! मधात झोप लागते काय त्याले?" माणसे हसली. उत्तमरावांना चेव आला. "लोक म्हणत होते, नाजूक काम हाय, नांदुऱ्याचा मिस्त्री आणा. म्या म्हटलं, पोरगा सर्टिफिकेटवाला हाय. पण सर्टिफिकेटानं हात थोडेच बदलतेत?"

कचरूची कानशिले तापली. छप्पन साली त्याच्या वडिलांनी बौद्ध धम्म स्वीकारून गावकीची कामे टाकली, तेव्हा याच माणसाने चावडीवर विचारले होते, 'मंग आता हे हात करतीन काय?' वडील त्या दिवशी गप्प राहिले होते.

"झोप लागली असती," कचरू हात पुसत म्हणाला, "तं तेराव्यावर दोन कसे भरले? उठल्यावर पळत गेलं काय?"

आता माणसे दुसऱ्या बाजूने हसली.

"चला दगडावर," तो म्हणाला. "आत्ता."

अकराव्या दगडापाशी त्याने पुढच्या टायरवर खडूची रेघ मारली, चाक एक चक्कर फिरवले आणि जमिनीवर टेप लावली. पाच फूट अकरा इंच. त्याने मातीतच गणित मांडले: किलोमीटरला पाचशे चोपन्न चकरा. मग चाकाच्या आरीला लाल चिंधी बांधून तो गाडी ढकलत निघाला, उत्तमराव मागून. चिंधी वर आली की एक. रस्त्याच्या कडेला बसलेला मोतीराम, खडी पसरणारा म्हातारा मजूर, कुतूहलाने सोबत चालू लागला.

बाराव्या दगडाशी कचरू थांबला. "चारशे सत्तर."

"मोजायले चुकला असशीन," उत्तमराव म्हणाले.

कचरूने गाडी पुढे ढकलली. शर्ट पाठीला चिकटला होता, दात आवळलेले होते. तेराव्या दगडाशी पोचेपर्यंत त्याने मान वर केली नाही. "सहाशे अडतीस. दोन्ही मिळून अकराशे आठ. दोन किलोमीटरले पायजेत तेवढ्याच. मीटर खरं हाय, साहेब. बारावा दगडच दीडशे मीटर अलीकडं हाय."

"तो तं असणारच!" मोतीराम भाबडेपणाने म्हणाला. "खऱ्या जागी खडक लागला होता ना. दोन पहारी वाकल्या. मंग मालकच म्हणले, मोतीराम, अलीकडं माती नरम हाय, तिथंच गाड. आठवते ना, मालक?"

उत्तमरावांनी म्हाताऱ्याकडे असे पाहिले, की तो मुकाट्याने दोन पावले मागे सरला.

"दगड सरकारी हाय," ते सावकाश म्हणाले. "वरचे साहेब पास करून गेले. उद्या कोणी माह्या गाडीवर मागं बसला, त्यानं हे आकडे पाहिले, तं? मीटर दगडाशी जुळवून दे."

"कसं जुळवू?"

"ते तू पाह्य. मिस्त्री तू हायस."

"म्हणूनच नाही करत." कचरूचा आवाज चढला, आणि त्याने तो चढू दिला. "दोन दिवस खपलो मी याच्यावर. बसस्टँडवर चार लोकांत माहे हात काढले तुम्ही. चूक माही असती तं पाय धरले असते. चूक तुमची, अन् खोटं मी करू? काऊन?"

"सोमवारचं लक्षात हाय ना?"

"हाय."

"मंग ते काम गेलं समज."

"समजलो. पण चार लोकांत बोलले, तं चार लोकांतच सांगा, मीटर बरोबर होतं म्हणून."

उत्तमरावांनी किक मारली. त्यांनी कचरूला मागे बसायला सांगितले नाही, आणि सांगितले असते तरी तो बसला नसता. गाडी धुरळा उडवत मेहकरच्या दिशेने सुटली. काटा वीसवर, तिसावर सरळ चढत गेला असणार, हे कचरूला न पाहताही ठाऊक होते, आणि त्यानेच त्याचा संताप आणखी भडकला. तो रस्त्याच्या मधोमध धावला.

"महिन्यातून एकदा केबलले ग्रीस द्या!" तो जीव तोडून ओरडला. "ऐकलं काय? नाही तं तुटन ती! अन् मंग माह्या नावानं बोंबलू नका!"