माशाचा ठसा

नवऱ्याचा जुना मालक आमच्या दुकानात येणार हे कळलं त्या दिवशी मी सकाळपासून इतकी गोड वागत होते की नवऱ्याला संशय आला. "बरं वाटत नाही का?" म्हणाला. मी म्हटलं, "झकास वाटतंय. तुम्ही तुमची धार बघा."

आमचं दुकान करवतीच्या पात्यांचं. टेबलावर बसवलेली, मोटरवर फिरणारी गोल पाती असतात ना, ती. नवी विकतो, जुन्यांना धार लावतो. माझ्या बापाचा हाच धंदा, त्यामुळे मला दूधदातांच्या आधी पात्याचे दाते कळले. पुढच्या खोलीत भिंतीला खिळे आणि खिळ्यांना पाती. मधे पडदा. पडद्यामागे धारेचं यंत्र, त्याच्यापाशी नवरा. आणि त्याच्याही मागे, कोपऱ्यात, एक छोटं करवतीचं मशीन. धार लावलेलं पातं गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी त्यावर लाकूड कापून बघावं लागतं. ते कापायचं काम माझं. मी मशीन चालू करायला गेले की नवरा पान खाऊन येतो म्हणून बाहेर पडतो. पान तो खात नाही. रस्त्याच्या कडेला उभा राहतो आणि आवाज थांबला की परत येतो.

त्याच्या डाव्या हाताला दोन बोटं नाहीत. मालकाच्या फर्निचरच्या कारखान्यात गेली. आणि बोटं गेली त्याहून मोठं जे गेलं, त्यासाठी मी मालकाची वाट बघत होते.

झालं होतं ते असं. नवरा त्या कारखान्यातला सगळ्यात चांगला कापणारा. मालकाने त्याला कोवळ्या वयात ठेवून घेतलं, काम शिकवलं, चारचौघांत "हा माझा मुलगाच" म्हणून पाठ थोपटली. एक दिवस मालकाने स्वतःच्या हाताने मशीनवर पातं चढवलं आणि याच्यापुढे जाडजूड कठीण लाकडाचे ओंडके टाकले. दुपारी लाकूड मधेच अडकलं, उसळून मागे आलं आणि याचा हात पात्यावर गेला. संध्याकाळपर्यंत मालकाने सगळीकडे सांगितलं होतं: लक्ष नव्हतं पोराचं, गप्पा मारत होता. झालं. लक्ष नसलेल्या माणसाला मशीनवर कोण उभं करणार? सगळं खापर याच्या डोक्यावर फुटलं आणि वाईट म्हणजे यालाही ते पटलं. "माझीच चूक गं. माझं लक्ष नसणार." आता हा बाबा कापताना मुंगी आली तरी हात थांबवणारा! पण ज्याला देव मानला तो म्हणतो म्हटल्यावर खरंच असणार ना.

त्याचे कपडे आणि डबा आणायला मी कारखान्यात गेले, तेव्हा ते पातं मशीनखाली टाकलेलं होतं. का उचललं, मला सांगता येणार नाही. डोकं फिरलं होतं. डब्याच्या पिशवीत घातलं आणि घरी आणलं. कोणी विचारलंही नाही.

पुसलं, बोटावर टांगलं, टिचकी मारली. चांगलं पातं घंटीसारखं वाजतं, आवाज बराच वेळ रेंगाळतो. हे "ठप" म्हणालं. नीट बघितलं तर मधल्या मोठ्या भोकापासून निघालेला केसाएवढा तडा, आणि तड्याच्या टोकाला मुद्दाम पाडलेलं बारीक भोक. सगळं अशा जागी, की पातं मशीनवर चढवून वॉशर आवळलं की झाकून जावं. उभ्या राहणाऱ्या माणसाला जन्मात दिसू नये. शेजारी मालकाचा ठसा होता, छोटा मासा. हा माणूस इतका संशयी की हातोडीपासून स्क्रूड्रायव्हरपर्यंत सगळ्यावर मासा ठोकून ठेवायचा, कोणी पळवू नये म्हणून.

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. नवऱ्यापुढे पातं धरलं. त्याने बघितलं, टिचकी मारली, खाली ठेवलं.

"मालकांना माहीत नसणार."

"माहीत नसणार? स्वतः चढवलं ना त्याने!"

"अगं, त्यांचा कान केवढा तिखट आहे. चढवताना तडा असता तर त्यांना ऐकू आला असता. ऐकू आला असता तर त्यांनी ते चढवलंच नसतं. भोक दुसऱ्या कोणी पाडलं असेल, त्यांना न सांगता." आणि मग तेच पालुपद. "लक्ष माझंच नव्हतं."

मी कपाळावर हात मारला. माझ्या बोलण्याने हे सुटणार नव्हतं. ज्याच्या तोंडाने गाठ बसली त्याच्याच तोंडाने ती सुटायला हवी होती, आणि तीही नवऱ्याच्या कानांदेखत.

मग मी ते पातं घासलं. मासा आणि बारीक भोक भेगा भरायच्या लांबीने बुजवलं, वरून करडा रंग मारला आणि जुन्या पात्यांच्या रांगेत टांगलं. नवऱ्याला सांगितलं, भंगारात दिलं. शाळांचे बाक बनवून घेणारा एक ठेकेदार आमच्याकडे धार लावायला येतो. त्याचं काम मालकाकडे गेलंय हे मला कळलं होतं. बाकांच्या फळ्यांच्या कडा फुटतात म्हणून तो वैतागला होता. मी साखर पेरली. "पातं चुकतंय तुमच्या माणसाचं. त्यालाच घेऊन या, त्याच्या हाताने निवडू दे. त्याच्यासारखा कान कोणाला नाही म्हणतात." असं म्हटल्यावर मालक येणारच होता. कौतुक ऐकायला तो उपाशीपोटी डोंगर चढला असता.

आला. पोट पुढे, मागे ठेकेदार. लाज कोळून प्यायलेला माणूस! दारातूनच हाक, "काय सूनबाई, ओळखलं का? अहो ठेकेदार, हे तर आपलंच घर. पोरगा कुठाय माझा?"

पडद्यामागून नवरा उठून आला, वाकून पाया पडला. मालकाने त्याच्या डाव्या हाताकडे बघायचं शिताफीने टाळलं आणि म्हणाला, "जा जा, तुझं काम कर. आता लक्ष देऊन करत जा." तो खाली मान घालून आत गेला, आणि मी मनातल्या मनात म्हटलं, थांब रे बाबा, थोडंच राहिलंय.

"बसा मालक," मी म्हटलं. तोंडावर मी त्याला अहो-जाहोच करते. मनात काय करते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

ठेकेदाराने फुटक्या कडेचा तुकडा पुढे केला. मी काही बोलायच्या आत मालक सुरू झाला, आणि खोटं कशाला सांगू, बोलत होता ते बरोबर होतं. "हे बघा, उभं चिरायचं असेल तर मोठे, विरळ दाते. भुसा बाहेर पडायला जागा हवी. पण ही फळी वरून पातळ थराची. हिला बारीक, दाट दाते हवेत, नाहीतर कड उडणारच. दात्याच्या टोकाला हा कठीण धातू आहे ना, तो जाड हवा, म्हणजे पुन्हापुन्हा धार लावता येते. मधलं भोक मशीनच्या दांड्यावर घट्ट बसलं पाहिजे. आणि हे सगळं बघून झाल्यावर, शेवटी कान!"

"तेच तर आम्हाला बघायचंय," मी म्हटलं. "नवी, जुनी, सगळी लावलीत. तुम्ही वाजवून सांगा."

मग काय, गडी रंगात आला. एकेक पातं बोटावर टांगायचं, टिचकी मारायची, डोळे मिटायचे. "हे छान." "हे बरं, पण पातळ आहे, लगेच तापेल." एक नवं, दाट दात्यांचं पातं इतकं सुरेल वाजलं की ठेकेदारानेही मान डोलावली. "हे घ्या. डोळे झाकून घ्या." बरोबरच निवडलं होतं त्याने. मग हात करड्या पात्याकडे गेला.

ठप.

त्याने पुन्हा मारली. ठप. आणि हसला. "सूनबाई, हे विकायला ठेवलंय होय? तडा आहे याला."

"कुठे? मला तर दिसत नाही," ठेकेदार म्हणाला.

"दिसत नसतोच. ऐकायचा असतो." त्याने खिशातून किल्ली काढली, मधल्या भोकाजवळचा रंग खरवडला. लांबीचा खपला निघाला. "आणि हे काय... वा! कोणीतरी हुशारी केलीय. तड्याच्या टोकाला भोक पाडलं की तडा पुढे सरकत नाही. ठेकेदार, ही युक्ती कोणाची माहितेय? माझी! माझ्याकडे अशी पाती महिनोन्महिने चाललीत. नवं पातं कशाला आणायचं उगीच?"

पडद्यामागे धारेचं यंत्र चालू होतं. मी आवाज चढवला. "मग धोका नसतो म्हणायचा?"

"पातळ फळीला काही होत नाही. जाड, कठीण लाकूड मात्र घालायचं नाही. पातं तापतं, डुगडुगतं, लाकूड आवळून बसतं आणि उसळून अंगावर येतं. मग हात गेलाच समजा."

"माणसाचं कितीही लक्ष असलं तरी?"

"लक्ष काय करणार त्यात? डोळ्यात तेल घालून उभा राहिला तरी जाणार."

धारेचं यंत्र थांबलं.

"मग मशीनवर जो उभा असतो त्याला हे सांगत असाल ना?" मी विचारलं.

मालकाने ठेकेदाराला डोळा मारला. "सांगितलं तर उभा राहील का तो?"

मी फडक्यावर थिनर ओतला. घाई केली नाही. तडा सोडून बाजूचा रंग पुसला, नखाने लांबी टोकरली आणि पातं त्याच्या नाकासमोर धरलं. मासा होता तिथेच होता.

अशा माणसाच्या तोंडचं पाणी पळालेलं बघायला मिळणं हे माझ्या आयुष्यातलं मोठं सुख आहे, आणि ते मी चवीचवीने घेतलं. त्याने माशाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग पडद्याकडे. पडदा बाजूला करून नवरा उभा होता.

"पोरा," मालक म्हणाला, "हे जुनं झालं आता..."

नवऱ्याने माझ्या हातातलं पातं घेतलं, डाव्या हाताच्या उरलेल्या बोटांपैकी एकावर टांगलं आणि टिचकी मारली. ऐकत राहिला. ऐकण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"त्या दिवशी जाड लाकूड तुम्हीच टाकलंत माझ्यापुढे," तो म्हणाला. "मी विचारलं होतं, मालक, पातं ठीक आहे ना? तुम्ही म्हणालात, माझ्या कानावर विश्वास नाही का?"

ठेकेदाराने हातातला फुटक्या कडेचा तुकडा टेबलावर ठेवला. "माझ्या बाकांवर आत्ता कोणतं पातं चालतंय?" त्याने विचारलं. "काम थांबवा. मी येऊन एकेक पातं वाजवून घेणार. मग बघू, काम तुमच्याकडे ठेवायचं की नाही." आणि तो निघाला. मालक त्याच्यामागे धावला, दारात पाय अडखळला, पुन्हा वळला. त्या सुरेल पात्याकडे बोट करून म्हणाला, "ते... ते देता का?"

"मेले तरी देणार नाही!" मी म्हटलं. "जा, भोकं पाडा आणि चालवा."

"दे त्यांना," नवरा म्हणाला.

मी त्याच्यावर असे डोळे वटारले की काय सांगू. इतकं करूनही हा पुन्हा शेणात पाय घालणार?

"दे," तो म्हणाला. "तिकडे मशीनवर आत्ता कोणीतरी उभा असेल."

दिलं. दात-ओठ खाऊन दिलं, कागदात गुंडाळलंसुद्धा नाही. मालक ते छातीशी धरून गेला आणि जाताना नवऱ्याकडे बघायची हिंमत त्याला झाली नाही.

मला वाटलं, आता हा माणूस नेहमीसारखं "जाऊ दे गं" म्हणणार. म्हटलं असतं तर मी खरंच भांडले असते. त्याने हातोडी घेतली, बाहेर गेला आणि दुकानाच्या दारावर, रस्त्यावरून येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यासमोर, एक खिळा ठोकला. तडा गेलेलं पातं त्यावर टांगलं. मासा आतल्या बाजूला आला होता. त्याने पातं काढलं, उलटं केलं आणि मासा बाहेर करून पुन्हा टांगलं.

"कोणी विचारलं तर काय सांगायचं?" मी म्हटलं.

"वाजवा म्हणायचं. आणि मग सगळं सांगायचं. काही गाळायचं नाही."

मग तो आत आला, पडद्यामागे गेला. धार लावलेलं एक पातं कोपऱ्यातल्या मशीनवर चढवायला घ्यावं म्हणून मी मागोमाग गेले, तर ते त्याच्या हातात होतं. टिचकी मारून, डोळे मिटून ऐकत होता. बराच वेळ वाजत राहिलं ते.

"लाकडाचा तुकडा दे," तो म्हणाला. "आणि जा, तू पान खाऊन ये."