मंजुळाबाईंनी दुमडलेली वाकळ

मला राग फार लवकर येतो. आता सत्तरी उलटली तरी येतो, तेव्हा तर मी तेवीस वर्षांची होते. सन एकोणीसशे चाळीस, निजामाचं राज्य. नागपूरला बी.एस्सी. होऊन मी नांदेडच्या मुलींच्या एका खाजगी शाळेत मास्तरीण म्हणून लागले होते. माझं गाव लातूरकडचं मुरुड. आई मी पाळण्यात असतानाच गेली, वडलांनी वाढवलं आणि शिकवलं, त्यामुळं जीभ जरा जास्तच मोकळी सुटलेली.

शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष आप्पासाहेब वकील. माणूस वाईट नव्हता, पण एकदा नाही म्हटलं की ब्रह्मदेव आला तरी हलायचे नाहीत. मुलींसाठी विज्ञानाचा वर्ग काढा, म्हणून मी वर्षभर त्यांच्या मागं लागले होते. त्या दिवशीही त्यांच्या ओसरीवर तोच विषय निघाला.

"सौदामिनीबाई, मुलींना विज्ञान कशाला हवं? आणि शिकवणार कोणत्या भाषेत? उद्या म्हणाल, सापेक्षतावाद मराठीतून शिकवते!"

"शिकवीन की! काय हरकत आहे?"

ते खो खो हसले. "अहो, आमच्या हैदराबादच्या मोठमोठ्या प्रोफेसरांना तो इंग्रजीतून कळायची मारामार. मराठीत त्याला शब्द तरी आहेत का?"

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. "शब्द नसतील तर करू. कुणालाही समजावून सांगते, बोलवा कुणाला बोलवायचं ते!"

ओसरीच्या कोपऱ्यात मंजुळाबाई वाकळ शिवत बसल्या होत्या. अहमदपूरकडच्या एका खेड्यातल्या बाई, चाळिशीच्या, नवरा वारल्यावर भावाकडं नांदेडला आलेल्या. घरोघर जाऊन जुन्या लुगड्यांच्या वाकळा शिवून द्यायच्या. आप्पासाहेबांनी त्यांच्याकडं बोट केलं.

"ह्या मंजुळाबाईंना समजवा. चार लोकांत, माझ्या देखत. ह्यांना समजलं, तर महिनाअखेर तालीम खात्याकडं, म्हणजे शिक्षण खात्याकडं, विषयांची यादी जाईल तिच्यात विज्ञान लिहितो. नाही समजलं, तर ह्या शाळेत पुन्हा विज्ञानाचं नाव काढायचं नाही. बोला, कबूल?"

"कबूल!"

"अवं, मला कशापायी मधी घालता?" मंजुळाबाई सुई थांबवून म्हणाल्या. पण आमचं दोघांचं तोवर तापलेलं, त्यांचं ऐकतो कोण.

चार लोकांत बोलायचं म्हणजे त्या काळी परवानगी लागायची. कचेरीत दरखास्त द्यायची, भाषणाचा मजकूर उर्दूत जोडायचा, आणि मग वाट बघत बसायचं. मी माझ्या मोडक्यातोडक्या उर्दूत दोन पानं खरडली आणि नेऊन दिली. तिथल्या कारकुनानं चष्मा पुसून पुसून ती वाचली.

"बाई, ह्यात लिहिलंय की वेळ सगळ्यांची सारखी चालत नाही. म्हणजे सरकारची वेळ वेगळी आणि रयतेची वेगळी, असं म्हणायचंय का?"

"अहो, ताऱ्यांबद्दल चाललंय ते!"

"तारे पण सरकारी हद्दीत आले की," म्हणून त्यानं कागद खणात टाकले. पंधरा दिवस झाले, कागद खणातच. महिना संपायला आठ दिवस उरले आणि माझा धीर सुटायला लागला. आप्पासाहेब भेटले की मिशीतल्या मिशीत हसायचे. त्या हसण्यानं माझ्या अंगाचा नुसता भडका उडायचा.

तोड काढली ती त्यांच्याच बायकोनं. इंदूवहिनी साठीच्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या, पण नवऱ्याला पुरून उरणाऱ्या.

"अगं वेडे, संक्रांतीचं हळदीकुंकू करू की. रथसप्तमीपर्यंत चालतं. पन्नास बायका जमल्या तरी त्याला कुणाची इजाजत लागते? आपल्या माजघरातच करू. हे बसतील बाहेर ओसरीवर, पडद्याआडून ऐकतील."

मी त्यांना मिठीच मारली. बायकांना निरोप गेले, तिळगूळ झाला. वाण म्हणून काय लुटायचं, तर मी हट्टानं पेन्सिली आणल्या. वहिनींनी कपाळाला हात लावला, पण आणू दिल्या.

हळदीकुंकवाच्या दिवशी दुपारी तीन वाजता माजघर बायकांनी फुललं. बाहेर ओसरीवर आप्पासाहेब लोडाला टेकून बसले. त्यांच्या शेजारी आणखी एक पाहुणा येऊन टेकला, पोलिसातले मलप्पा जमादार. कुणीतरी चुगली केली होती की वकिलांच्या घरी मास्तरणीचं भाषण आहे.

"हळदीकुंकू हाय म्हनून सांगितलं तुमी, तर मी बसतो बगा," जमादार म्हणाले. "चालू हाय तवर माजं काय म्हननं न्हाई. संपल्यावर बाया बसून ऱ्हायल्या आन् कुनी बोलाय लागलं, तर मग ती सभा. नावं लिवून न्यावी लागतील."

मी म्हटलं, बसा खुशाल. आणि मंजुळाबाईंना बघायला मागच्या दाराशी गेले. त्या परसात उभ्या होत्या, काखेत अर्धी शिवलेली वाकळ.

"या की आत."

"मी न्हाई येत, बाई."

"का?"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं लहान पोराकडं बघतात. "हळदीकुंकू हाय न्हवं? माजा मालक जाऊन अठरा वर्सं झाली."

बी.एस्सी. झालेली मी, आकाशातल्या ताऱ्यांचं गणित पाठ, आणि विधवा बाईला हळदीकुंकवाला बोलवत नाहीत एवढं डोक्यात येऊ नये! आईविना वाढलेल्या पोरीला हे सांगणार कोण, असं मी स्वतःला समजावलं, पण ते खोटं होतं. मला आप्पासाहेबांना हरवायचं होतं, आणि त्या नादात मंजुळाबाई कोण आहेत हे मी बघितलंच नव्हतं. लाज वाटली मला, फार लाज वाटली.

आणि पेच असा की सुटता सुटेना. हळदीकुंकू चालू, तर मंजुळाबाई आत येऊ शकत नाहीत. हळदीकुंकू संपवावं, तर बाहेर जमादार वही उघडून बसलेले. आणि मंजुळाबाईंशिवाय विज्ञानाचा वर्ग गेलाच.

मी आत जाऊन वहिनींच्या कानात सगळं सांगितलं. "माझ्या तरी ध्यानात यायला हवं होतं," त्या पुटपुटल्या. मग बायकांना हळदीकुंकू लावत लावत शेवटच्या बाईपर्यंत आल्या, आणि करंडा झाकून मांडीवर घेऊन बसल्या.

"माझं स्वतःचं कुंकू राहिलंय," त्या मोठ्यानं म्हणाल्या, ओसरीवर ऐकू जाईल अशा. "ते मी सगळ्यांत शेवटी लावून घेणार. तोवर हळदीकुंकू चालूच आहे बरं का, जमादार!"

"चालू द्या, आईसाहेब," बाहेरून आवाज आला.

"आणि मंजुळाला आत घे, सौदामिनी. माझ्या घरचं हळदीकुंकू आहे, कुणी यायचं ते मी ठरवणार."

माजघरात कुजबुज उठली. "अगंबाई, हे काय भलतंच!" असं म्हणत तिघीजणी पेन्सिली तिथंच ठेवून उठून गेल्या. मी परसात जाऊन मंजुळाबाईंचा हात धरला. त्या हात सोडवून घ्यायला लागल्या, म्हणाल्या, लोकं मला नावं ठेवतील. मी म्हटलं, "मला ठेवतील. मला सवय आहे. चला!" आणि जवळजवळ ओढतच त्यांना आत आणून मधोमध बसवलं. त्या मान खाली घालून बसल्या, वाकळ छातीशी धरून.

मग मी सुरुवात केली. एकदा सुरू झाले की मला आवरत नाही. म्हटलं, आपण मोटारीतून लातूरला जाताना झाडं मागं पळतात. झाडावरच्या पाखराला विचारा, ते म्हणेल मी इथंच आहे, मोटार पळतेय. कोण पळतंय हे बघणाऱ्यावर आहे. इथवर सगळ्यांना पटलं. मग म्हटलं, वेळेचंही तसंच आहे. दोन जुळ्या बहिणी घ्या. एक नांदेडात राहिली, दुसरी उजेडाच्या वेगाच्या जवळपास पळणाऱ्या गाडीतून फिरून आली. आली तर नांदेडची म्हातारी झालेली, आणि हिचा एक केस पिकलेला नाही.

"अन् घरातली लग्नकार्यं सगळी चुकली की गं तिची!" कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला. मंजुळाबाई मात्र हसल्या नाहीत. त्या ऐकत होत्या.

"आता अवकाश," मी म्हटलं. "अवकाश म्हणजे ही सगळी मोकळी जागा, चांदण्यांमधली. ती पाटासारखी ताठ नाही. कापडासारखी आहे. जड वस्तू ठेवली की झोळ पडतो. पाच वर्षांपूर्वी दोन शास्त्रज्ञांनी गणित मांडलं, की असे दोन पदर एकमेकांना जोडणारा पूल असू शकतो. मंजुळाबाई, ती वाकळ द्या जरा. हा वरचा पदर, हा खालचा. आणि तुमचा हा टाका म्हणजे तो पूल. मुंगीला वरून खाली जायचं तर काठापर्यंत जाऊन वळसा घालावा लागेल. पण टाक्याच्या भोकातून गेली तर लगेच."

मंजुळाबाईंनी वाकळ माझ्या हातातून परत घेतली. उलटीसुलटी करून पाहिली. मग त्यांनी निळ्या ठिगळावर बोट ठेवलं.

"हे नांदेड धरा."

"बरं."

"आन् हे तांबडं लातूर. माजी लेक दिलीया तिकडं, मुरुडाजवळ. दोन वर्सं झाली, भेट न्हाई." त्यांनी वाकळ मधोमध दुमडली. तांबडं ठिगळ निळ्यावर येऊन टेकलं. "दुसरा पदर कशाला पायजे? हाच दुमडला तर लातूर नांदेडावर येतंय की. हितं सुई घातली का लेकीच्या दारात."

मी दोन पदरांचं वाचलं होतं. एकच पदर दुमडायचा, हे मी तोवर कुठल्याच पुस्तकात वाचलेलं नव्हतं.

"असं होऊ शकतं का, बाई?"

"गणितात... गणितात कदाचित होईल."

"पर बगा." त्यांनी मोठी सुई दुमडलेल्या वाकळीतून आरपार घातली आणि बाहेर काढली. "सुई काडली का भोक मिटतंय. कापड लगीच जवळ येतंय. मानूस जाईस्तवर भोक उघडं कोन धरनार?"

खोटं काहीतरी ठोकून देता आलं असतं, तिथं कुणाला कळणार होतं? पण ज्या बाईनं असा प्रश्न विचारला, तिच्याशी खोटं बोलायला जीभ वळेना.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "जगात अजून कुणाला माहीत असेल असं वाटत नाही."

पडद्यामागून आप्पासाहेबांचा आवाज आला, खुशीनं नुसता भरलेला. "झालं तर! मास्तरणीलाच उत्तर येत नाही. मंजुळाबाई, खरं सांगा, समजलं का तुम्हाला?"

हरले, असंच वाटलं मला. मंजुळाबाईंनी पडद्याकडं तोंड केलं. परक्या पुरुषाशी त्या इतकं मोठ्यानं कधी बोलल्या नसतील.

"बाईंनी सांगितलं तेवडं समजलं, आप्पासाहेब. जे बाईंलाच म्हाईत न्हाई, ते मला कसं समजंल? ते शोदाया लागंल."

बायका हसल्या. ओसरीवर मलप्पा जमादारसुद्धा "वा!" म्हणून गेले आणि लगेच खोकले.

इंदूवहिनी उठल्या. कोनाड्यातली शाळेची यादी आणि दौत-टाक घेऊन त्यांनी हात पडद्याबाहेर काढला. "लिहा. तुम्ही शब्दाचे पक्के आहात असं मी चाळीस वर्षं ऐकतेय."

मग टाकाचा कुरकुर आवाज आला. पडद्याखालून यादी परत आली तेव्हा तिच्यात, सगळ्यांत शेवटी, जरा वाकड्या अक्षरात लिहिलं होतं: विज्ञान. मी ती छातीशी धरली. रडायचं नाही असं ठरवलं होतं, पण आलंच रडू.

वहिनींनी आपलं कुंकू लावून घेतलं, हळदीकुंकू संपलं, बायका एकेक करून गेल्या. मंजुळाबाई मात्र मागच्या दाराशी घुटमळत राहिल्या. वाकळीचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या.

"बाई, एक इचारू का? रागावू नगा."

"विचारा."

"त्या वर्गात मोठ्या बायकांला बसता येतंय का?" मग अगदी हळू म्हणाल्या, "तितं कुनी कपाळ तर बघत न्हाई न्हवं?"

माझ्या तोंडून नागपूरची भाषा फुटेचना. आमच्या मुरुडच्या बोलीतच म्हणाले, "न्हाई बघत, मंजुळाबाई. सोमवारी सकाळी आठला या. पहिल्या रांगंत बसा."